एक प्रत माहेरी

सासरी पेणला गणपतीचा कारखाना आणि माहेर रोह्याला. या दोन गावांमध्ये माझ्या कॅसेटी आणि फ्लॉप्या कित्येक वर्षं एसटीने ये-जा करत होत्या. संगणक शिकवणारी माणसं बॅकअपचं महत्त्व आता फार छान सांगतात. आम्ही शिकलो तेव्हा सांगायला कोणी नव्हतं. पुस्तकांत प्रोग्रामची नक्कल कशी करू नये यावर पानं असत, तुमची नोंद हरवू नये म्हणून काय करावं यावर एखादं वाक्य. त्या न लिहिलेल्या पानांवर काय असायला हवं होतं, ते खाली लिहिते आहे.

१. आधी यादी, मग प्रोग्राम

भाऊजींनी मुंबईहून आणलेला संगणक स्पेक्ट्रम प्लस होता. ब्रिटनच्या सिंक्लेअरचं हे यंत्र १९८४ सालचं. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनी ते परवान्याने बनवत असे. मेमरी ४८ केबी, पडद्याच्या जागी घरचा टीव्ही, आणि साठवणीला साधा कॅसेट रेकॉर्डर. त्यासोबत नोंदी ठेवायचे दोन प्रोग्राम होते. एक विकत घेतलेला, मास्टरफाइल नावाचा. दुसरा भाऊजींनी बेसिकमध्ये स्वतः लिहिलेला, आमच्या ऑर्डरींपुरता. नाव, गाव, मूर्तीची उंची, रंग, इसार किती आला, बाकी किती, आणि पाटाचा नंबर.

पाटाचा नंबर का, हे आमच्या भागाबाहेरच्यांना सांगावं लागेल. कोकणात घरचा पाट कारखान्यात आणून द्यायचा आणि मूर्ती त्यावरच बसवून न्यायची, अशी पद्धत आहे. पेणच्या आसपासच्या शिर्की, वाशी, दादर या गावांत एकाच नावाचे तीन-तीन म्हात्रे आणि चार-चार पाटील. नावावरून कोणाचा गणपती कोणता ते कळणार नाही. पाटाच्या मागे खडूने घातलेला नंबर हीच खरी ओळख.

आता बघा, मास्टरफाइल बिघडला असता तर दुसरा मिळाला असता. लंडनमध्ये होता, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुणाकडे तरी होताच. पण शिर्कीच्या कोणत्या म्हात्र्यांनी पन्नास रुपये इसार देऊन दीड फुटी मूर्ती सांगितली आहे, ते जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. प्रोग्रामच्या नकलेसाठी लोक जिवाचा आटापिटा करत. यादीची नक्कल मात्र ‘उद्या करू’ यात राहून जाई. मी हा क्रम पहिल्यापासून उलटा ठेवला.

२. आर हे बटण जपून

स्पेक्ट्रमवर शब्द टाइप करावे लागत नसत. एक बटण दाबलं की अख्खी आज्ञा उमटे. एस म्हणजे सेव्ह, जे म्हणजे लोड, जी म्हणजे गो टू आणि आर म्हणजे रन. बेसिकमध्ये सेव्ह केलं की प्रोग्रामबरोबर त्यातली माहितीही टेपवर जाते, ही फार सोयीची गोष्ट. पण ती परत लोड केल्यावर रन म्हटलं, की यंत्र कामाला लागण्याआधी सगळी माहिती पुसून टाकतं. प्रोग्राम शाबूत आणि यादी कोरी! म्हणून रन न म्हणता गो टू म्हणून पुढच्या ओळीवर जायचं, आणि तेही अशा ओळीवर, जी रकाने नव्याने आखणाऱ्या डिम या आज्ञेच्या नंतर येते. नाहीतर डिमसुद्धा तेच काम करते. त्याहून बरं म्हणजे सेव्ह करतानाच लाइन नंबर जोडायचा. मग लोड झाल्या झाल्या प्रोग्राम आपोआप योग्य ओळीपासून सुरू होतो आणि बोटाला आरकडे जायची गरजच पडत नाही.

भाऊजींनी तसंच करून दिलं होतं. तरीही मी त्या बटणावर लाल कुंकवाचा ठिपका लावला होता. मामंजींना वाटलं, मी यंत्राची पूजा केली.

३. परत वाचून दाखवल्याशिवाय ती प्रत नव्हे

गंमत अशी, की त्याच आर बटणावर, दुसऱ्या दोन बटणांच्या साथीने, व्हेरिफाय ही आज्ञा होती. सेव्ह झाल्यावर टेप मागे न्यायची, व्हेरिफाय म्हणायचं आणि टेप वाजवायची. यंत्र टेपवरचा एकेक बाइट मेमरीतल्या बाइटशी ताडून बघतं. जुळलं तर ओके. नाही जुळलं तर टेप लोडिंग एरर, आणि यादी अजून मेमरीत असल्याने पुन्हा सेव्ह करता येतं. हे दुसऱ्या दिवशी कळून उपयोग नसतो.

चारशे नोंदी, प्रत्येकी साठ अक्षरं, म्हणजे चोवीस हजार अक्षरं. टेपवर उतरायला दोन-सव्वादोन मिनिटं. आधी लांब एकसुरी शिट्टी, तेव्हा टीव्हीच्या कडेला तांबडे-आकाशी पट्टे. मग खरखर, आणि निळे-पिवळे पट्टे. ती शिट्टी सुरुवातीला पाच सेकंदांची, मग प्रोग्रामचं नाव आणि लांबी सांगणारा छोटा तुकडा, मग दोन सेकंदांची शिट्टी, आणि मग खरा माल. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट. कान तयार झाला की खरखरीवरूनच कळे, की आज टेपचं डोकं नीट बसलेलं नाही.

आणखी एक बारीकसा नियम: सेव्ह करताना माइकची वायर जोडलेली आणि इअरची काढलेली असावी. दोन्ही जोडलेल्या असल्या की काही रेकॉर्डरांमध्ये आवाज फिरून परत आत शिरतो. पुस्तकात हे लिहिलेलं होतं, पण पुस्तक वाचणारे आमच्या घरात दोघंच.

४. टेपवरून टेपवर नको

दोन डेकच्या रेकॉर्डरवर गाण्यांच्या कॅसेटी जशा उतरवतात, तशा या उतरवता येतात असं सगळ्यांना वाटे. पहिली नक्कल चालायचीही. नकलेची नक्कल अडखळायची, कारण टेपची शूं-शूं आणि वेगातला फरक दर पिढीत वाढत जातो. यंत्राला लहान-मोठ्या ठोक्यांमधून शून्य आणि एक ओळखायचं असतं. ठोका विरला की ओळख चुकते. म्हणून टेप आधी संगणकात लोड करावी आणि तिथून नव्या कॅसेटवर सेव्ह करावी. मधे संगणक असला की मळका सिग्नल पुसून ताजा होऊन बाहेर पडतो. दहावी प्रतही पहिलीइतकी स्वच्छ.

आपल्या स्वतःच्या प्रोग्रामचं हे झालं. विकतचे प्रोग्राम असं करू देत नसत. लोड होताच स्वतः सुरू होत आणि सेव्ह म्हणायला जागाच ठेवत नसत. साधं बेसिकचं आवरण असेल तर लोडऐवजी मर्ज म्हटलं की ते सुरू न होता उघडं पडे. त्यापुढची कुलुपं असतील तर मल्टिफेस नावाची एक डबी मिळायची. मागे जोडायची आणि तिचं बटण दाबायचं. चालता प्रोग्राम जागच्या जागी थबके आणि सगळी मेमरी टेपवर उतरवता येई. लोक ती वापरून खेळ वाटायचे, हे खरंच आहे. पण विकत घेतलेल्या एकुलत्या एका कॅसेटची टेप रेकॉर्डरने गिळल्यावर काय करायचं, याचं उत्तरही त्याच डबीत होतं.

कायदा याबाबतीत व्यवहारी आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे प्रोग्राम रीतसर आलेला आहे त्याने हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून बॅकअप प्रत काढणं हा भंग मानलेला नाही. वाटणं आणि जपणं यांतला फरक कायद्याला कळतो. कुलूप बनवणाऱ्याला तो कळवून घ्यायचा नव्हता.

५. पावसात दर दहा नोंदींनी

ऑर्डरी तुंबतात त्या आषाढ-श्रावणात, आणि वीजही तेव्हाच जाते. स्पेक्ट्रमला वीज गेली की काहीच आठवत नाही. पाठीमागचा अडॅप्टरचा प्लगसुद्धा इतका सैल, की टेबलाला गुडघा लागला तरी यादी संपली. ‘दिवसाच्या शेवटी सेव्ह’ ही शहरातली शिस्त पेणच्या पावसाळ्यात कामाची नाही. दहा नोंदी झाल्या की सेव्ह, आणि तीन कॅसेटी आळीपाळीने. आजची बिघडली तर कालची, कालची बिघडली तर परवाची. एकाच कॅसेटवर पुन्हा पुन्हा सेव्ह करणाऱ्याकडे प्रत नसते. त्याच्याकडे एक कॅसेट असते.

आणि वही चालू ठेवायची. मामंजी म्हणत, “सूनबाई, वही भिजली तर उन्हात वाळवता येते. हे तुझं वाळवता येईल का?” नव्हतंच येत. त्यांचा मुद्दा मी कधी खोडला नाही.

६. पापडाचा डबा

आमच्याकडची हवा खारी आणि ओली. खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याने प्लगवर हिरवट थर धरतो. कॅसेटीवर आणि फ्लॉपीच्या चकतीवर पांढरी बुरशी येते, आणि ती बुरशी वाचणाऱ्या डोक्याला लागली की पुढची चांगली फ्लॉपीही खराब करते. पेणच्या बायकांना पापड पावसाळाभर कुरकुरीत कसे ठेवायचे हे शिकवावं लागत नाही. तोच घट्ट झाकणाचा डबा, आत कोरड्या कापडाची घडी आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या मधूनमधून तव्यावर गरम करून पुन्हा वापरायच्या. कॅसेट एका टोकाला पूर्ण गुंडाळून ठेवायची. नव्वद मिनिटांची घ्यायची नाही, तिची टेप पातळ असते.

डबा कुठे ठेवायचा हेही महत्त्वाचं. गणेशोत्सवाच्या तोंडावर मंडळांचे लाऊडस्पीकर कारखान्यात येऊन पडत. त्यांच्या पोटात केवढालं चुंबक असतं! डबा माळ्यावर, स्पीकर ओटीवर, असा दंडकच होता.

७. दादाची फ्लॉपी

माझा थोरला भाऊ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरला होता. तिथे पीसी आला आणि त्यावर डीबेस. या डीबेसचा जन्म मजेदार आहे. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफने फुटबॉलच्या निकालांचे अंदाज बांधण्यासाठी व्हल्कन नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. तोच पुढे अॅश्टन-टेट कंपनीने डीबेस म्हणून विकला. फुटबॉलसाठी जन्मलेला प्रोग्राम धाटावात पिंपं आणि गास्केट मोजत होता.

१९८४ च्या डीबेस थ्रीवर प्रोलॉक नावाचं कुलूप होतं. मूळ फ्लॉपीच्या चकतीवर मुद्दाम केलेली एक खूण असे. प्रोग्राम सुरू होताना ती खूण तपासे आणि नकलेवर ती सापडत नसल्याने नक्कल चालत नसे. म्हणजे मूळ फ्लॉपी रोज ड्राइव्हमध्ये घालायची, रोज घासायची. आणि ती गेली की हजारोंचा प्रोग्राम गेला. लोक इतके वैतागले, की अॅश्टन-टेटने १९८६ मध्ये हे कुलूप काढून टाकलं. प्रोलॉक बनवणाऱ्या व्हॉल्ट कंपनीने, ते कुलूप निष्प्रभ करणारा प्रोग्राम विकणाऱ्या क्वेड कंपनीवर खटला भरला होता. १९८८ मध्ये अपिलाच्या कोर्टाने क्वेडच्या बाजूने निकाल दिला. बॅकअप काढण्यासाठी असा प्रोग्राम वापरणं हा त्याचा रास्त उपयोग आहे, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. दादाला हे कळलं ते फार उशिरा. त्याच्या रोजच्या अडचणी वेगळ्याच होत्या.

एक अडचण दिव्यांची. डीबेसच्या फाइलच्या माथ्यावर ‘नोंदी किती’ हा आकडा लिहिलेला असतो. नोंदी भरता भरता, फाइल बंद व्हायच्या आत वीज गेली, तर नव्या नोंदी डिस्कवर पोचलेल्या असल्या तरी माथ्यावरचा आकडा जुनाच राहतो. डीबेस तेवढ्याच मोजतो आणि बाकीच्या दाखवत नाही. सगळे म्हणत, माल गेला. दादा कागद घेऊन बसायचा: फाइलच्या एकूण लांबीतून माथ्याची लांबी वजा करायची, उरलेल्याला एका नोंदीच्या लांबीने भागायचं, आणि येईल तो आकडा डॉसच्या डीबग प्रोग्रामने माथ्यावर लिहायचा. फाइल उघडली की हरवलेल्या नोंदी रांगेत उभ्या. हे तो नेहमी फाइलच्या प्रतीवर करी, मूळ फाइलला हात लावत नसे. दुरुस्तीच्या आधीही एक प्रत काढायची असते, हे मी त्याच्याकडून शिकले.

दुसरी अडचण ड्राइव्हची. सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन प्रकार होते: ३६० केबीची आणि १.२ एमबीची. मोठ्या ड्राइव्हचं डोकं निमुळतं, त्याची रेघ बारीक. जुनी ३६० ची फ्लॉपी त्यात घालून वर लिहिलं, की बारीक रेघेच्या दोन्ही बाजूंनी जुनं लिखाण शिल्लक राहतं. मग ती फ्लॉपी छोट्या ड्राइव्हमध्ये घातली, की त्याचं रुंद डोकं नवं-जुनं एकदमच वाचतं आणि गोंधळून थांबतं. ऑफिसात काढलेली प्रत ऑफिसात चाले, पेणच्या एका संगणक क्लासातल्या यंत्रावर मात्र चालायची नाही. दादाने नियम केला: प्रत जिथे उघडावी लागणार आहे, तिथल्या यंत्रावर एकदा उघडून बघायची. शनिवारी संध्याकाळी तो फ्लॉपी घेऊन दिवा-रोहा गाडीच्या उलट फेरीने पेणला यायचा. आम्हाला वाटायचं, बहिणीला भेटायला आला.

डॉसच्या बॅकअप आणि रिस्टोअर या आज्ञांवरही त्याचा विश्वास नव्हता. बॅकअप फाइली एकत्र बांधून अनेक फ्लॉप्यांवर पसरवतं. मधली एक गेली की अर्धं ओझं जातं. शिवाय डॉसची आवृत्ती बदलली की नवं रिस्टोअर जुन्या आवृत्तीचा गठ्ठा सोडवायला नकार देई. दादा साध्या कॉपीने महिन्यावार फाइली ठेवायचा आणि गठ्ठा करावाच लागला, तर त्याच डॉसची फ्लॉपी सोबत बांधून ठेवायचा.

८. देवनागरीची चावीही जपा

स्पेक्ट्रमवर आमचे गणपती इंग्रजी अक्षरांत होते. स्वतः आखायची अक्षरं एकवीसच. त्यात आपली बाराखडी बसत नाही. पीसीवर मात्र जिस्ट कार्ड आलं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं होतं. हे कार्ड यंत्रात बसवलं की त्याच डीबेसमध्ये मराठीत नावं भरता येत. पेणच्या एका क्लासात ते होतं आणि मी दोन हंगामांच्या याद्या तिथे मराठीत भरून घेतल्या.

त्या फ्लॉप्या कार्ड नसलेल्या यंत्रात घातल्या तेव्हा पडद्यावर चौकटी, रेघा आणि टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं. फाइल पूर्ण शाबूत, एकही बाइट चुकलेला नाही, आणि वाचता एकही नाव येत नाही. मराठीची अक्षरं इस्की या प्रमाणाप्रमाणे १२७ च्या वरच्या आकड्यांत लिहिलेली असतात. त्या आकड्यांना अक्षराचा आकार कार्ड देतं. नव्वदीत पुढे श्रीलिपी, आकृती असे फाँट आले तेव्हा तर प्रत्येकाचे आकडे वेगळे. म्हणून अशा प्रतीवर ती कशात लिहिली आहे हे कागदावर लिहून डकवावं, आणि पहिल्या दहा नोंदी हाताने लिहून ठेवाव्यात. मागे कोणाला उलगडायची वेळ आली, तर त्या दहांवरून बाकीच्या लागतात.

९. दुसरी नदी पुरेशी नाही

एक कॅसेट आणि पुढे एक फ्लॉपी कायम रोह्याला आईच्या कपाटात असे. पेणला भोगावती आहे, रोह्याला कुंडलिका. दोघी एकदम कपाटापर्यंत येणार नाहीत, असा आमचा हिशेब. १९८९ च्या जुलैमध्ये अंबा नदीने जांभूळपाड्यात जो कहर केला, त्यानंतर हा हिशेब मी आणखी मनापासून पाळू लागले. पण २६ जुलै २००५ चा पाऊस एका नदीपुरता नव्हता. अख्खा रायगड जिल्हा त्याने एकदम धरला. आमच्या दोन्ही प्रती वाचल्या, पण ते दोन्ही घरांचे जोते उंच म्हणून. चाळीस किलोमीटर म्हणजे एसटीला लांब, ढगाला नाही. तेव्हापासून तिसरी प्रत पुण्याला, घाटावर.

याशिवाय एक प्रत अशी, जी आम्ही केलीच नव्हती. पाट. माळ्यावर रचलेले, मागे नंबर, बहुतेकांवर घराण्याचं नाव. यादी, वही, कॅसेट सगळं गेलं असतं, तरी कोणाचा गणपती बसवायचा हे पाटांनी सांगितलं असतं. इसार किती आला, ते मात्र नाही.

१०. आता उतरवून घ्या

जुनी टेप आता वाजवताना पहिल्या खेपेलाच रेकॉर्ड करावी. चाचणी म्हणून आधी वाजवून बघू नये. लेप सुटत असेल, तर पहिलं वाजवणंच सगळ्यात चांगलं असतं. आधी रेकॉर्डरचं डोकं स्पिरिटने पुसावं. त्याच्या बाजूचा छोटा स्क्रू हलकेच फिरवून डोक्याचा कल टेपशी जुळवता येतो. आवाज सर्वांत कुरकुरीत येईल तिथे थांबावं. हे दुसऱ्या बिनकामाच्या कॅसेटवर जुळवून घ्यावं. लॅपटॉपमध्ये वेव्ह फाइल करून ठेवावी आणि ती पुसू नये, कारण उद्या बरं साधन निघालं तर त्याला मूळ आवाजच लागेल. तिच्यावरून टॅप फाइल बनवावी; ती फ्यूजसारख्या एम्युलेटरमध्ये चालते, तांबड्या-आकाशी पट्ट्यांसकट. एका हंगामाची अख्खी यादी आज व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या मूर्तीच्या एका फोटोपेक्षा कितीतरी लहान असते.

हे काम दादाचा मुलगा करतो आहे. पेणच्या डब्यातल्या काही कॅसेटी शेवटच्या पडताळणीच्या बाइटवर अडल्या. त्यांच्या रोह्याच्या जोड्या लागल्या. इंग्रजीतली नावं मी समोर बसून देवनागरीत सांगते, तो भरतो. त्यात मास्टरफाइलची विकतची कॅसेट निघाली तेव्हा त्याने विचारलं, “आत्या, ही उतरवू का?”

“ती जगात शंभर ठिकाणी असेल,” मी म्हटलं. “तू आधी शिर्की संपव. मग वाशी घेऊ.”